पाळण्यावरचा पाय

बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो. ही खिडकीजवळची घ्या. अॅमस्टरडॅमहून नावेनं आलात म्हणजे सगळी वाट थंडी खाल्ली असणार. शेगडी पायाशी ओढून घ्या. ताकातली लापशी उरली आहे, म्हणाल तर गरम करते. नको? बरं. तुमच्या वयाची माणसं म्हातारीच्या हातचं खायला घाबरतात, मला ठाऊक आहे.

आणि माझा हा डावा पाय हलतोय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. जुनी खोड आहे. ह्या आवारात आम्ही बारा विधवा. कुणा पुण्यवंतानं मरताना पैसा ठेवला म्हणून प्रत्येकीला एक खोली, एक खाट मिळाली. खोडी आम्ही आपापल्या घेऊन आलो.

आता दाखवा चित्र. दिव्याशी धरा... अजून जवळ.

हो. बारेंटचंच आहे, माझ्या धाकट्या भावाचं. ही विस्तवाशी बसलेली त्याची बायको, हेस्टर. मांडीवर अर्धवट विणलेला मोजा. मेणबत्तीचा उजेड एका गालावर, दुसरा गाल सावलीत. इकडे छपराचा पाळणा, आणि छपराखाली नुसता काळोख. असा काळोख आता कुणाला जमत नाही. कागदावरून बोट फिरवा, मखमलीसारखा लागेल. तो काळोख माझ्या हातचा आहे.

आणि तुम्ही एवढ्या लांबून विचारायला आलात ते हे, की आई पाळण्यापासून चार हात लांब बसली आहे, मग पाळण्याच्या खालच्या वाकड्या लाकडावर टेकलेला हा पाय कुणाचा? घोट्यापर्यंतच दिसतो, वर अंधार. लिलावात लोक ह्याच्यावर पैजा लावतात म्हणता? लावू देत. बारेंटनं तो पाय काढलेला नाही, आणि ज्या तांब्याच्या पत्र्यावरून हे छापलं, त्याच्यावर बारेंटशिवाय खरवडणी कुणी चालवलेली नाही.

सांगते. दिवा जरा मोठा करा. चार वाजले की इथे अंधार पडतो.

माझा नवरा आरमारात होता. फ्रेंचांशी आणि इंग्रजांशी एकदम लढाई जुंपली त्या वर्षी तो समुद्रात गेला तो गेलाच. मी एक पेटी, दोन घागरे आणि एक पितळी कढई घेऊन इथे हार्लेमला बारेंटच्या दारात उभी राहिले. मी अडतीस वर्षांची होते. बारेंट म्हणाला, "नेल, घर तुझंच आहे. पण रिकामं बसवणार नाही हां." बरोबरच होतं. रिकामी बसले असते तर मी वेडी झाले असते.

काम काय, तर तांब्याचा पत्रा काळा करायचा. तुम्ही चित्रं विकता, पण हे कधी बघितलं नसेल. बारीक दातांचं एक अर्धगोल पोलादी हत्यार असतं, रुंद मुठीचं. ते पत्र्यावर उभं धरायचं आणि डावीकडे-उजवीकडे झुलवत पुढे न्यायचं. दात तांब्यात रुततात, प्रत्येक ठिकाणी बारीक खड्डा आणि खड्ड्याच्या काठाला बारीक कुसळं उभी राहतात. एक ओळ झाली की तिच्या शेजारी दुसरी. उभ्या झाल्या की आडव्या, मग तिरक्या. मोठ्या पत्र्याला असे तीन-चार आठवडे जातात. शेवटी त्याला शाई लावून छापलं तर नुसता काळा कागद निघतो. मग बारेंट बसायचा आणि त्या काळ्यातून खरवडून खरवडून उजेड काढायचा. जिथे हात लावला नाही तिथे काळोख तसाच. आमच्याकडे लोक ह्याला काळी कलाच म्हणतात. शेजारची मासळीवाली मी खिडकीत बसले की मुद्दाम खाडकन दार लावून घ्यायची.

ह्या कामात एक पथ्य असतं. ओळ सुरू केली की काठापर्यंत नेऊनच थांबायचं. मधेच हत्यार उचललं, तर तिथे एक फिकट पट्टा राहतो आणि तो वरून कितीही झुलवलं तरी जात नाही. 'आमच्या स्वर्गातल्या पित्या' सावकाश म्हणून होईल एवढा वेळ एका ओळीला लागतो. तेवढा वेळ छपराला आग लागली तरी उठायचं नाही, असं बारेंट म्हणायचा. गमतीनं म्हणायचा, पण मी ते गाठ मारून ठेवलं.

मी आले त्या शरदात हेस्टरला मुलगी झाली. आमच्या रीतीप्रमाणे दारावर लेसची चौकट लागली, मुलगी म्हणून तिच्यात अर्धा पांढरा कागद. घोट घोट गोड मसाल्याची दारू पिऊन सगळी गल्ली बाळ बघून गेली. दीना नाव ठेवलं. काळेभोर जावळ आणि हनुवटीला खळी. हेस्टर फार हसरी होती तेव्हा. तिला दिवसातून दहा वेळा विहिरीवर, बाजारात, कापड सुकवायच्या मैदानावर जायला लागायचं, म्हणून पाळणा माझ्या कामाच्या मेजाशी आणून ठेवला. वर माझे हात पत्र्यावर, खाली डावा पाय पाळण्याच्या लाकडावर. दोन्ही एका तालात. हेस्टर म्हणायची, "अगं, नेलला हातालाही पाळणा, पायालाही पाळणा. एखादा डोक्याला बांधू का?" मी म्हणायचे, "बांध की. तुझी पोरं डझनभर होणार, पुरायला नको?"

भरल्या पाळण्याला वजन असतं बघा. पायाला कळतं. रिकामा पाळणा उडतो, भरलेला सावकाश जातो आणि सावकाश येतो. मला डोळे मिटून सांगता आलं असतं, की आत दीना आहे का नाही.

ती जिवंत आहे का नाही, ते मात्र पायाला कळत नाही.

मार्चचा महिना होता. दुपार, चांगलं लख्ख ऊन. बारेंट अॅमस्टरडॅमला गेलेला, हेस्टर मैदानावर चादरी आणायला. मी पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात होते. मोठ्या चर्चच्या घड्याळात तीन वाजले आणि दीना कुरकुरली. मी नुकतीच ओळ सुरू केली होती. पाय जरा जोरात हलवला. मग ती रडली. नेहमीसारखं नाही... आत ओढल्यासारखं, तुटक तुटक. मी खाली न बघता म्हटलं, "थांब गं, एवढी ओळ पुरी करू दे."

ओळ पुरी झाली तेव्हा ती गप्प झाली होती. मला वाटलं, झोपली. शहाणी माझी बाय, म्हटलं, आणि पुढची ओळ घेतली. मग त्याच्या पुढची. हेस्टर चादरी घेऊन आली तेव्हा पाचला आले होते. दोन तास मी हात आणि पाय हलवत होते.

पुढचं मी सांगणार नाही. तिनं छपराखाली हात घातला एवढंच सांगते.

सुईण येऊन गेली, म्हणाली तान्ह्यांचं असं होतं, कुणाचा दोष नाही. हेस्टर मला एकच विचारत होती. माझे दोन्ही दंड धरून विचारत होती, "नेल, रडली होती का? खरं सांग. रडली का?"

मी म्हटलं, "नाही गं. झोपेतच गेली."

का म्हटलं, ते तुम्ही विचारू नका, मी स्वतःला विचारून थकले. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे खरं आहे. मला दुसरं घर नव्हतं, हेही खरं आहे. आणि मी थांबले असते तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

त्या एका वाक्यावर हेस्टर जगली. तिनं दहा दिवस काही खाल्लं नाही. मग रोज जेवायच्या आधी विचारायची, "झोपेतच ना, नेल?" मी म्हणायचे, "झोपेतच." तेव्हा ती भाकरीचा तुकडा मोडायची. प्रार्थनेसारखं झालं होतं ते. दारावर काळं रेशीम लागलं, निघालं, आणि हे विचारणं चालूच राहिलं. पाळणा तिनं हलवू दिला नाही. माझ्या मेजाशी होता तिथेच राहिला, नीट अंथरून, उशी फुगवून.

उन्हाळ्यात ती बारेंटला म्हणाली, "तिचं चित्र कर. आपल्याकडे तिचं काहीच नाही."

बारेंटनं कागदावर बारा-पंधरा वेळा प्रयत्न केला. चांगला चित्रकार होता हो माझा भाऊ, पण एकदा मी चोरासारखं दाराआडून बघितलं, तर कागद चुरगाळून रडत होता. मला बघून म्हणाला, "मला तिचा चेहरा आठवत नाही गं. बाप ना मी? पाच महिने घरात होती आणि मला फक्त जावळ आठवतं."

मग त्यानं हे असं केलं. आई विस्तवाशी बसली आहे, आणि बाळ छपराखाली सावलीत. छपराच्या आत खरवडणी लावायचीच नाही. मी विचारलं, पत्रा कुठला घेतोस?

"हा तुझा तयार आहे की. तुझ्या हातचा सगळ्यात काळा."

"दुसरा घे. मी दुसरा करून देते."

"चार आठवडे थांबू? का, ह्यात खोट आहे काही?"

काय सांगणार? खोट नव्हतीच. एक ओळसुद्धा तुटलेली नव्हती. आणि त्यानं चित्र असं मांडलं, की पाळण्याचं छप्पर नेमकं पत्र्याच्या त्याच, त्या दुपारच्या उजव्या कोपऱ्यात आलं. मी बघत राहिले.

चित्र खूप चाललं. मुलं गेलेल्या आया ते नेत, बघत, आणि अंधाराकडे बोट दाखवून कुजबुजत. प्रत्येकीला आपलं त्या अंधारात दिसत असणार. हेस्टरला आवडलं होतं. छाप दोरीवर वाळत घालताना प्रत्येकाला म्हणायची, "झोपली आहे हां, आवाज करू नका." बारेंट आणि मी एकमेकांकडे बघत नसू.

आता तुम्हाला माहीत असेलच, की असा पत्रा फार दिवस टिकत नाही. दाबयंत्राखालून जाताना ती बारीक कुसळं चेपत जातात. पन्नास-साठ छाप झाले की काळा उतरतो आणि करडा व्हायला लागतो. आपल्या मेजावरचा पत्रा झिजलेला बघून कुणी दचकत नाही. तशी मीही दचकले नाही, छपराखालचा काळोख करडा व्हायला लागला तेव्हा. पण सगळीकडे सारखा होत नव्हता. एका जागी लवकर उतरत होता, एका जागी तसाच घट्ट.

सत्तराव्या छापाला हेस्टर म्हणाली, "बारेंट, तू आत काही काढलं होतंस?"

"नाही."

"हनुवटी आहे ही. खळी बघ."

बारेंट छाप खिडकीशी घेऊन गेला.  म्हणाला, "झिजतोय पत्रा. डोळ्यांना वाटतं तसं."  पण रात्री मला म्हणाला, "नेल, मला आठवत नव्हता ना चेहरा... तो असाच होता. बरोबर असाच."

हेस्टर आनंदली होती. हे मला सगळ्यात जड जातं सांगायला. ती पुन्हा हसायला लागली, पोटभर जेवायला लागली. रोज सकाळी बारेंटच्या मागे, "आज दोन छाप काढ ना. चारच काढ." प्रत्येक छापाला काहीतरी वर यायचं. कपाळ आलं. जावळ आलं. एखादी आई दरवाजात उभी राहून आत येणाऱ्या पोराची वाट बघते तशी ती दाबयंत्राशी उभी राहायची.

मी त्या दिवसांत चित्राकडे बघायचं टाळत होते. पण छाप दोरीवर टांगायचं काम माझं. एक दिवस टांगताना मला पाळण्याच्या खाली काहीतरी दिसलं. पायाचा पंजा. चपलेतला. अंगठ्यापाशी ठिगळ, त्याचे तिरके टाके. ते टाके मी घातले होते, नवऱ्याची बातमी आली त्या आठवड्यात, काळ्या चपलेला काळा दोरा नव्हता म्हणून पांढऱ्यानं. त्या चपलेत माझा पाय तेव्हाही होता. मी खाली बघितलं, वर बघितलं. दोन्ही ठिकाणी तोच.

थांबा, तुम्हाला दाखवतेच. त्या वेळचा एक छाप मी ठेवला आहे. पेटीच्या तळाशी आहे, उठावं लागेल. दिवा इकडे द्या जरा...

...काय म्हणालात? शेजारी?

नाही. ह्या बाजूला म्हातारी वाइन्ता, ती ठार बहिरी, आणि त्या बाजूला भिंत. आवारात साठीच्या आतलं कुणीही राहत नाही. मुलाबाळांना रात्री इथे ठेवून घ्यायला मनाई आहे, तसं दारावर लिहिलंय. मांजर असेल. बसा, मी आलेच. हा घ्या छाप.

बघा छपराखाली. आता सांगा, काय दिसतं?

हो. तोंड उघडं आहे.

हेस्टरला ते दिसलं त्या दिवशी शनिवार होता. ती छाप घेऊन माझ्या मेजाशी आली. अगदी हळू म्हणाली, "नेल, हिचं तोंड असं का आहे गं?"

"जांभई देत असेल."

"जांभई..." ती बघत राहिली. "भुवया आवळल्या आहेत. जांभई देताना भुवया अशा होतात?"

"पत्रा झिजलाय, हेस्टर. उद्या आणखी काही दिसेल."

"हं. सोमवारी बारेंट दहा काढणार आहे. दहांत स्पष्ट होईल." ती पाळण्याची उशी फुगवायला वाकली. मग वर न बघता म्हणाली, "झोपेतच ना, नेल?"

जेवायची वेळ नव्हती ती. मी म्हटलं, "झोपेतच."

तुम्हाला कळलं ना माझं काय झालं असेल ते? दहा छाप. दहांत ते पोर तिच्या आईला सगळं सांगणार होतं. तिनं पुन्हा खाणं सोडलं असतं, आणि ह्या खेपेला तिला परत आणणारं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी रात्रभर विचार केला. छपराखालची तेवढी जागा मी पुन्हा काळी करू शकत होते. लहान हत्यार होतं माझ्याकडे. तळहाताएवढी जागा, तासाभराचं काम. झिजलेला पत्रा असा पुन्हा काळा करतात, ही आमच्यात रीतच आहे, त्यात फसवणूक नाही. मी मनाला असंच सांगत होते.

रविवारी दुपारच्या प्रवचनाला दोघं गेली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. रविवारी काम करणं पाप, तेही मी केलं. पत्रा मेजावर घेतला. ऊन होतं, खिडकीतून सरळ मेजावर पडलेलं, मार्चात पडायचं तसंच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव चर्चमध्ये, आणि मी हत्याराचे दात छपरावर टेकवले.

पहिल्या चार ओळी नीट गेल्या. पोलादाची खर्र-खर्र, दुसरा आवाज नाही. हनुवटी गेली. तोंडाचा खालचा ओठ गेला. मी दात खाऊन काम करत होते. पाचवी ओळ नेमकी तोंडावरून जाणार होती. ती सुरू केली, आणि घड्याळात तीनचे ठोके पडले.

आधी वाटलं हत्यारच कुरकुरतंय. तेल घालायला हवं, असं मनात आलंसुद्धा. मग ते बाजूनं आलं... माझ्या डाव्या हाताला, खालून. आत ओढल्यासारखं. तुटक तुटक.

मी खाली बघितलं नाही. हात ओळीत होते. पण माझा पाय... तो आपणहून गेला हो. मी पाठवला नाही. पाय लाकडावर टेकला आणि पाळणा हलला.

सावकाश गेला. सावकाश आला.

आत वजन होतं.

मला देवानं पुन्हा ती वेळ दिली होती. एवढंच करायचं होतं, हत्यार उचलायचं आणि वाकायचं. पत्रा बिघडला असता, एक पट्टा राहिला असता, दुसरं काय झालं असतं? हे सगळं मला तेव्हाच कळत होतं, आत्ता सुचलेलं नाही. आणि तरी माझे हात पुढे जात राहिले. भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा. आणि माझं तोंड उघडलं, आणि मी म्हटलं...

"थांब गं, एवढी ओळ पुरी करू दे."

ओळ पुरी झाली. आवाज बंद झाला होता. पायाखालचा पाळणा एकदम हलका झाला, उडाल्यासारखा.

मी मान वळवली तर दारात हेस्टर. हातात भजनांचं पुस्तक, डोक्यावर तशीच टोपी. चर्चमध्ये तिला गरगरलं म्हणून परत आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ती रडत होती," हेस्टर म्हणाली.

मी हत्यार मेजावर ठेवलं.

"नेल, ती रडत होती. मला ऐकू आलं. तुलाही आलं, तू तिच्याशी बोललीस." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू थांबली का नाहीस?"

"ओळ..." मी म्हटलं. "ओळ सुरू केली होती."

तिनं ते ऐकून घेतलं. पाळण्याकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं. मग विचारलं, "आणि तेव्हा?"

खोटं बोलायला मला जागा होती. दोन वर्षं बोलत आलेच होते. पण मला ते जमलं नाही.

"तेव्हाही," मी म्हटलं.

हेस्टर आत आली. पाळण्याशी खाली बसली, छपराखाली हात घातला, अगदी त्या दिवशी घातला होता तसा, आणि अंथरूण चाचपलं. बराच वेळ चाचपत होती. मग उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर मी तिचे हात धरले नसते. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अंथरूण कोमट आहे."

मग दाराशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "थांबवत नव्हतं ना तुला? मग आता थांबू नकोस, नेल."

त्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ताटात वाढायची, कपडे धुऊन द्यायची, उणं काही ठेवलं नाही. जेवायच्या आधी विचारायची मात्र थांबली. न विचारता जेवायची, थोडंसं, आणि भिंतीकडे बघत. पुढच्या वर्षी बारेंटनं अॅमस्टरडॅमला घर केलं आणि दोघं गेली. त्यांना नंतर दोन मुलगे झाले असं ऐकलं. पत्राची वाट मी काही वर्षं बघितली, मग सोडली. तुम्ही म्हणालात ना, हेस्टर गेल्या हिवाळ्यात वारली आणि हे चित्र तिच्या उशाखाली सापडलं? कुठला छाप ठेवला होता बघा तिनं. काळा. मी छपराखालचं पुन्हा काळं करून टाकल्यानंतरचा, ज्यात बाळ दिसत नाही तो. आणि त्यात माझा पाय तेवढा आहे, कारण पायावर हत्यार फिरवायला मला त्या दिवशी वेळ मिळाला नाही.

मिळाला तुम्हाला तुमचा जबाब? लिहून घ्या हवं तर, नेलचा पाय. पैज कुणी लावली असेल तर जिंकलेल्याला माझा नमस्कार सांगा.

आता निघा, शेवटची नाव चुकेल. हा खळगा पायाला लागेल, जपून. नाही हो, उंदीर कसले. फरशी आहे ती. तेहेतीस वर्षांत ह्या आणि आधीच्या घरात मिळून मी तीन फरश्या झिजवल्या. झोपेतही हा पाय हलतो म्हणतात. थांबवता येत नाही, असं काही नाही. चालताना थांबतोच की. चार पावलं टाकायची, लवकर यायचं आणि बसायचं.

मघाशी मी पेटीतून छाप काढायला उठले, तेव्हा पाय थांबला होता. तेव्हाच तुम्ही विचारलंत, शेजारी कुणाचं तान्हं रडतंय म्हणून.

माझ्याशिवाय आजवर ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. हेस्टर सोडली तर.